फटी

पाद्रीसाहेब सहा आठवड्यांतून एकदा येतात,
खाडी शांत असेल तर.
एरवी रविवारी गावातलाच कुणीतरी
प्रवचनांच्या जुन्या वहीतून वाचून दाखवतो,
आणि आम्ही सतरा-अठरा माणसं
फॅरो बेटांच्या या शेवटच्या वळचणीला
ओले कोट अंगावरच वाळवत ऐकतो.

ऐकतो म्हणजे बसतो.
मी सुतार. या देवळाची एकेक तुळई
माझ्या हाताखालून गेलेली.
चाळीस वर्षं प्रवचनात मी गाठी मोजल्यात:
वेदीच्या उजवीकडच्या फळीत नऊ,
डावीकडे सहा, त्यातली एक डोळ्यासारखी.
वारा कुठून शिरतो ते मानेला आधी कळतं.
सोमवारी शिडी लावून ती फट बुजवतो,
लोकर, डांबर, वरून पट्टी.
गावात म्हणतात, हानुसने बांधलेल्या भिंतीतून
देवालाही विचारून आत यावं लागेल.
मी ते कौतुक समजत होतो.

त्या रविवारी वाचायला बार्डुर उभा राहिला,
राकुलचा नातू, सोळा वर्षांचा,
बोलताना अडखळणारा.
कुणी उभं केलं? स्वतःच उठला म्हणे.
बायकांनी माना खाली घातल्या.
मी माझ्या गाठीवर नजर टेकवली.

पेरणाऱ्याची गोष्ट होती.
इथे बटाट्यांखेरीज पेरायला काही नाही,
तरी दर वर्षी ही गोष्ट येतेच,
आणि दर वर्षी मी तो खडक, ते काटे, ती पायवाट
शेजारीपाजारी वाटून टाकतो.
पायवाट कायम माझ्या भावाच्या वाट्याला.
बारा वर्षं बोललो नाही आम्ही,
एका मेंढीच्या कानावरून:
कानातली खाच त्याच्या खुणेची की माझ्या.
चांगली जमीन कुणाची, ते सांगायला नको.

बार्डुर बरा चालला होता,
मग एका शब्दापाशी रुतला.
"म," तो म्हणाला.
"म... म..."
लंबक तेवढा हलत होता घड्याळाचा.
आणि काय सांगू,
आम्ही सगळे पुढे झुकलो,
नाव धक्क्याला लागताना
दोर झेलायला झुकतो तसे.
प्रत्येकाच्या ओठांवर त्याचा उरलेला शब्द.
कुणाच्या मासळी असेल. म्हाताऱ्या सुन्निवाच्या मरण,
तिचे ओठ हलताना मी पाहिले.
माझ्या घशात जो आला
तो मी बारा वर्षं
लोकर-डांबर घालून दडपला होता:
माफी.

"माती," बार्डुर म्हणाला.
घाम पुसून पुढच्या ओळीवर गेला.

पुढचं काही मी ऐकलं नाही.
किंवा तेवढंच ऐकलं म्हणा, चाळीस वर्षांत.

दुपारी वाळवणाच्या खोपटात गेलो,
टांगलेलं मटण कितपत सुकलंय बघायला.
खोपट बापाने शिकवलं तसं बांधलेलं:
फळी, बोटभर फट, फळी, बोटभर फट.
दहा वर्षांचा असताना मी एकदा
फळ्या घट्ट भिडवल्या होत्या,
केवढी सफाई, म्हणून शाबासकी मिळेलसं वाटून.
बाप ओरडला नाही.
म्हणाला, मिठाविना चालतं रे, धुराविनाही चालतं.
वाऱ्याला वाट नसेल तर मात्र मांस कुजतं.
आणि सगळ्या फळ्या उचकटायला लावल्या,
एकेक खिळा सरळ करून डब्यात.

हे मला ठाऊक होतं. हातांना ठाऊक होतं.
मटणाला जे कळतं
ते घेऊन मी देवळात कधी गेलोच नाही.

एक मांडी उतरवली, फडक्यात बांधली.
भावाचं घर चारशे पावलांवर.
चारशे पावलं मी वाक्य रंधून घेत गेलो,
गुळगुळीत, कुठे सांधा दिसणार नाही असं.
कुत्रं भुंकलं नाही, हे जरा लागलं;
म्हणजे वास विसरलं नव्हतं ते.

हाराल्डुरने दार उघडलं.
बोटभर.

"म," मी म्हणालो.
"म..."

आणि आतल्या अंधारात
तो पुढे झुकलासं वाटलं.